येथे हात लावू नये

बटरफ्लाय हा पोहण्याचा प्रकार ज्याने शोधून काढला तो माणूस पुण्याचा नक्की नव्हता. पुण्याचा असता तर शेजाऱ्याच्या नाकात पाणी गेलं म्हणून पहिल्याच दिवशी त्याच्याविरुद्ध लेखी तक्रार झाली असती आणि प्रकार तिथेच बंद पडला असता. मी चेष्टा करत नाही. तनुजाची पंधरा वर्षं मी या डोळ्यांनी पाहिलीत, म्हणून म्हणते.

मी जया. कसबा पेठेत राहते. शाळेत पीटी शिकवून निवृत्त झाले, पण पोहायला शिकवणं काही सुटलं नाही. आमच्या मंडळाचा टँक आहे, पंचवीस मीटरचा, सहा लेनचा. पाणी बेताचं आणि नियम भरपूर. तिथे मी तीस वर्षं मुलांना शिकवते आहे, शिवाय स्पर्धांना पंच म्हणून उभी राहते. मी फार कडक आहे असं लोक म्हणतात. म्हणू देत. बटरफ्लायचा नियम सरळ आहे. दोन्ही हात एकदम पाण्याबाहेर यायचे, एकदम पुढे पडायचे, आणि भिंतीशी पोचल्यावर दोन्ही तळवे एकदम टेकायचे. उजवा आधी आणि डावा मागून, असं झालं की पंचाने हात वर करायचा आणि पोहणारा बाद. सांगलीला एकदा श्रद्धा नावाच्या एका चौदा वर्षांच्या मुलीला मी असंच बाद केलं होतं. तिची आई माझ्यासमोर ढसाढसा रडली. मी म्हटलं, "अहो, रडून हात एकदम लागणार आहेत का?" तेव्हा मला हे बोलणं फार बाणेदार वाटलं होतं.

तर तनुजा. वारज्याच्या भैरूअण्णांची धाकटी. अण्णांच्या घरची शेती होती, ती बिल्डरला गेली, मग अण्णांनी त्याच रस्त्यावर वाळू-सिमेंटचं दुकान टाकलं. २०१० च्या मे महिन्यात ते या नऊ वर्षांच्या पोरीला दंडाला धरून टँकवर घेऊन आले.

"ताई, ही कालव्यात उड्या मारती. पार पुलावरनं. हिला एक तर शिकवा, न्हाईतर बांधून तरी ठिवा."

मी म्हटलं, "बांधायची सोय इथे नाही. शिकवून बघते."

गुडघ्यांवर खपल्या, दोन वेण्या, आणि नजर अशी की जणू टँक तिच्या मालकीचा आहे नि मीच तिकीट काढून आत आले आहे. बटरफ्लायला बाकीची मुलं रडकुंडीला येतात. दोन-दोन वर्षं घालवूनही पाण्यात नुसती धपाधप आपटतात. ही तीन आठवड्यांत शिकली. कंबरेतून निघालेली लाट पायाच्या अंगठ्यापर्यंत जायची, मध्ये कुठे अडकायची नाही. तीस वर्षांत मला असं मूल एकदाच मिळालं. मी त्या दिवशी घरी जाऊन एकटीनेच शिरा करून खाल्ला.

आणि लगेच तक्रारी सुरू झाल्या. आमच्या मंडळाचे चिटणीस अभयराव. बँकेतून निवृत्त. रोज पहाटे येतात, मान वर काढून हळूहळू ब्रेस्टस्ट्रोक करतात आणि दर फेरीला शेजारच्याला एक बातमी सांगतात. तनुजाच्या हातांचं पाणी त्यांच्या बातमीत जायला लागलं. आठ दिवसांत बोर्ड लागला: "बटरफ्लाय करणाऱ्यांनी फक्त लेन क्र. ६ वापरावी. इतर सभासदांनाही श्वास घेण्याचा हक्क आहे."

बटरफ्लाय करणाऱ्यांनी म्हणे! सगळ्या टँकवर बटरफ्लाय करणारी ती एकटी. सरळ नाव तरी लिहायचं. पण ठीक आहे. सहावी लेन तर सहावी. भिंतीला चिकटलेली, बाकीच्यांपेक्षा अरुंद, सव्वापाच ते सहा. वारज्याहून अण्णा तिला स्कूटरवर घेऊन यायचे आणि ती पाण्यात असेपर्यंत बाहेर कठड्यावर बसून डुलक्या काढायचे. पाच वर्षांत एक दिवस चुकला नाही. तेराव्या वर्षी जिल्ह्यात पहिली आली, पंधराव्या वर्षी राज्यात ज्युनिअर गटात रौप्य. मला स्वप्नं पडायला लागली. पडली तर पडली, त्याला कुठे मंडळाची परवानगी लागते!

२०१७ च्या जानेवारीत सहाव्या लेनच्या टोकाची फरशी फुटली. नेमकी डाव्या हाताची जागा, नेमकी पाण्याच्या रेषेवर. आतली सळई बाहेर आलेली. तनुजा वेगात आली, दोन्ही हात टेकवले आणि डावा तळवा अंगठ्यापासून करंगळीपर्यंत फाटला. पाण्यात रक्त. सात टाके.

दुसऱ्या दिवशी अण्णा फरशी बघायला आले. वाकून बघितलं, बोटाने चाचपलं आणि म्हणाले, "ताई, तासाभराचं काम हाय. उद्या माझा गवंडी घिऊन येतो. मालबी दुकानातलाच हाय, कुणाला काय द्यायचं-घ्यायचं न्हाई."

आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "अहो अण्णा, असं चालत नाही. टँक मंडळाचा आहे. बाहेरच्याने येऊन परस्पर हात लावायचा नसतो. मी रीतसर अर्ज देते."

अण्णा "बरं" म्हणाले. ताई शिकलेल्या, ताईंना कळतं, असा त्यांचा समज. कपाळ माझं!

मी अर्ज दिला. चांगला, मुद्देसूद, दोन प्रतींत. अभयराव म्हणाले, कार्यकारिणीपुढे ठेवू. कार्यकारिणी म्हणाली, पाणी उपसावं लागेल, सर्वसाधारण सभेत विषय घेऊ. सर्वसाधारण सभेत दोन तास चहाच्या कपांच्या आकारावर चर्चा झाली आणि फरशीचा विषय "वेळेअभावी पुढे ढकलण्यात आला". मी पुन्हा अर्ज दिला. यावेळी मात्र झटपट कारवाई झाली. पंधरा दिवसांत भिंतीवर नवा, सुबक अक्षरांतला बोर्ड आला: "येथे फरशी तुटलेली आहे. येथे हात लावू नये."

झालं काम! सळईला फडकं गुंडाळलं आणि विषय मिटला.

आता बटरफ्लाय करणाऱ्याने भिंतीला हात लावायचा नाही तर काय नमस्कार करायचा? पण सराव तर थांबवता येत नव्हता. मग मी एक तोडगा काढला. होय, मीच. म्हटलं, "तनू, इथे सरावापुरता उजवा नीट टेकव. डावा जरा जपून, मागून, उजव्याच्या शेजारी आण. मॅचला दोन्ही एकदम टेकवायचे, ते तुला येतंच." ती म्हणाली, "हो ताई." ती मला कधी नाही म्हणालीच नाही, हीच तर पंचाईत.

दर स्पर्धेआधी पंधरा दिवस आम्ही बालेवाडीच्या मोठ्या तलावावर जायचो आणि हात सरळ करायचो. व्हायचे सरळ. पण पंधरा दिवस एकीकडे आणि वर्षातले बाकीचे दिवस दुसरीकडे. रोज शंभरेक वेळा उजवा आधी, डावा मागून. हिशेब कुणीही करावा. मी केला नाही.

राज्यातून राष्ट्रीय स्पर्धेला एका प्रकारात दोघी जातात. पहिली आणि दुसरी. मोठ्यांच्या गटात आल्यावर दोनशे मीटर बटरफ्लायमध्ये तनुजा २०१८ साली तिसरी आली. २०१९ मध्येही तिसरी. प्रत्येक वेळी शेवटच्या वळणावर तिचा वेग तुटायचा. भिंतीशी पोचताना ती क्षणभर विचार करायची, दोन्ही, दोन्ही, दोन्ही. तेवढ्यात दुसरी पुढे जायची. मी तिला ओरडायचे, "तिथे काय पंचांग बघतेस का?" ती मान खाली घालून ऐकून घ्यायची.

मग लॉकडाऊन. दुकानं उघडली, हॉटेलं उघडली, लग्नं लागली. टँक मात्र बंद. एकोणीस-वीस वर्षांच्या पोहणाऱ्या मुलीची दोन वर्षं म्हणजे काय, ते कुणाला सांगायचं? अण्णांनी मुळशीच्या मेहुण्याची विहीर शोधून काढली. तिथे सहा हात मारले की समोर दगड. खोलीत सायकल चालवल्यासारखं.

त्यांच्या जुन्या शेतावर तोवर मोठी सोसायटी उभी राहिली होती आणि त्यात पोहण्याचा तलावही होता. पुढे टँक उघडायला लागले तेव्हा अण्णा तनुजाला घेऊन तिथे गेले. गेटवरच्या वॉचमनने विचारलं, मेंबर आहात का? अण्णा मला फोनवर सांगत होते. "ताई, त्या जागंवर आमचं वांग्याचं वावर होतं. माज्या हातानं पाणी दिलंय तिथं. आन् मला पास मागत्यात!" पुढे आत सोडलं तेव्हा कळलं की तो तलाव काजूच्या आकाराचा आहे. कडेला खुर्च्या, मध्ये कारंजं. दोनशे मीटर पोहायचं तर काजूला किती वळसे घालायचे? तनुजा हसत सुटली. मला रडू आलं.

शिक्षण संपलं, हिंजवडीत नोकरी लागली. संगणकासमोर नऊ तास आणि बसमध्ये तीन. पहाटे सव्वापाचला पाण्यात, सातला कंपनीची बस. ऑफिसातली पायल नावाची मैत्रीण तिला म्हणाली होती, "ओ माय गॉड, बटरफ्लाय? सो क्यूट!" क्यूट! एकदा दोनशे मीटर मारून बघ म्हणावं, खांदे हातात काढून देशील. स्थळंही यायला लागली. एका मुलाच्या आईने तनुजाच्या खांद्यांकडे बघून विचारलं, "हे कमी होतील ना नंतर?" अण्णांनी त्यांना चहा पाजून पाठवून दिलं आणि मला फोन करून म्हणाले, "ताई, मी न्हाई म्हनून सांगितलं." पहिल्यांदा कुणीतरी नियम न बघता सरळ नाही म्हणालं होतं.

२०२३ मध्ये ती पुन्हा तिसरी आली. २०२४ मध्ये खांदा दुखावला, उतरताच आलं नाही. गेल्या वर्षी जूनमध्ये ती माझ्या घरी आली. चोवीस वर्षांची. माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, हे लास्ट इयर. मेडल-बिडल मला नको. मला फक्त एकदा ती टोपी घालायची आहे."

राज्याच्या संघाला पोहण्याची टोपी मिळते, तिच्यावर 'महाराष्ट्र' लिहिलेलं असतं. तेवढीच. रबराची टोपी.

मी म्हटलं, "घालशील." इतक्या सहज म्हटलं, जणू माझ्या ट्रंकेतच ठेवली होती.

सहा महिने तिने जीव काढला. सुट्टीच्या दिवशी बालेवाडी, बाकी दिवस आमची सहावी लेन, तोच बोर्ड, तीच फडकं गुंडाळलेली सळई. मी माझा नववा अर्ज दिला. अभयराव म्हणाले, "जयाताई, विषय विचाराधीन आहे." म्हटलं, "तुमचा विचार आहे की चातुर्मास?"

डिसेंबरात बालेवाडीला राज्य स्पर्धा झाली. मी वळणाची पंच. तिसऱ्या लेनवर माझी नेमणूक होती, तनुजा पाचव्या लेनमध्ये. शर्यतीआधी दहा मिनिटं पाचव्या लेनच्या पंच बाईंना चक्कर आली. मुख्य पंच माझ्याकडे आले. "जयाताई, तुम्ही पाचवर या. तिसरीवर मी राखीव माणूस देतो."

"अहो, पाचवर माझी मुलगी आहे."

"म्हणून तर. तुमच्यावर कुणी बोट ठेवणार नाही. सांगलीची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे."

नाही म्हणता आलं असतं. पण सगळे बघत होते आणि मला ते बरंही वाटलं. खोटं कशाला बोलू?

पन्नास मीटरचा तलाव. सुरुवात पलीकडच्या टोकाला, मी अलीकडच्या. पहिल्या वळणाला ती माझ्याकडे आली, दोन्ही हात एकदम, चोख. मी मनात "शाब्बास" म्हटलं, तोंडाने नाही. शंभरनंतर ती दुसरी होती. तिसऱ्या वळणासाठी पुन्हा माझ्याकडे यायला लागली तेव्हा खांदे जड झालेले दिसत होते, पण वेग तुटला नव्हता. यावेळी ती थांबून विचार करत नव्हती. हाताला टाके पडल्यापासून पहिल्यांदाच ती शेवटच्या वळणाला भिंतीवर न घाबरता आली.

उजवा लागला. डावा मागून, जपून, उजव्याच्या शेजारी.

डोळ्याचं पातं लवेल एवढाच फरक. शेजारच्या पंचाला दिसला नाही, प्रेक्षकांना तर नाहीच. मला दिसला, कारण तो हात मीच तसा वळवला होता. आमच्या टँकवरच्या त्या फुटक्या फरशीला जसा लागायचा, अगदी तसाच लागला.

मी हात वर केला.

हात वर करून मी तिथे उभी आणि ती माझ्याकडे पाठ करून शेवटचे पन्नास मीटर पोहत गेली. काय पोहली! असं ती उभ्या आयुष्यात पोहली नव्हती. दुसरी आली. पलीकडे तिने फलकाकडे पाहिलं, दोन्ही मुठी पाण्यावर आपटल्या. वर गॅलरीत अण्णा टोपी उडवून नाचत होते. मला ओरडावंसं वाटत होतं, अहो थांबा, नाचू नका, खाली या!

मुख्य पंचांनी विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की." चिठ्ठीवर लिहिलं: तिसरे वळण, हात एकदम नाहीत. अक्षर माझं नेहमीसारखंच आलं, जरासुद्धा वाकडं नाही. त्याचीही मला चीड आली.

नंतर ती टॉवेल गुंडाळून माझ्यासमोर आली. "ताई, डावा मागून आला ना?"

"हो."

"मला तेव्हाच कळलं. इट्स ओके."

"इट्स ओके काय, मूर्ख मुली! ओरड माझ्यावर! तुला तसं करायला कोणी शिकवलं? मीच ना?"

ती ओरडली नाही. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. माझा पंचाचा पांढरा शर्ट पार ओला झाला. अण्णा जवळ आले, तिची पिशवी उचलली आणि स्कूटर काढायला गेले.

सोमवारी टँकला सुट्टी असते. सकाळी आठला मला अण्णांचा फोन. "ताई, किल्ली घिऊन या." टँकच्या दारात अण्णा, त्यांचा गवंडी, अर्धं पोतं सिमेंट आणि चार निळ्या फरशा. मी कुलूप उघडलं. पाणी उपसायची गरजच नव्हती. हातभर खाली उतरवलं, तेवढं पुरलं. सळई कापली, भोक बुजवलं, फरशी बसवली. पन्नास मिनिटं लागली. मी घड्याळ लावलं होतं, सवयच आहे.

काम संपता संपता अभयराव आले. "जयाताई, हे काय? परवानगी?"

"अर्ज करते," मी म्हटलं. "नऊ वर्षांनी उत्तर द्या."

अण्णा थापी धूत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्यावेळंलाच आलो आसतो तर बरं झालं आसतं, ताई." त्यांचा आवाज चढला नव्हता. बैल गेला आणि झोपा केला, आणि नऊ वर्षं झोप्याचं दार अडवून मीच उभी होते, हे त्यांनी म्हटलं नाही. ते मी म्हणते.

मंगळवारी सव्वापाचला तनुजा आली. मला वाटलं नव्हतं. पाय मारायच्या सरावासाठी दिलेला मंडळाचा फळा परत द्यायला आली होती, पण अंगात पोहण्याचा पोशाख होता. सहाव्या लेनमध्ये उतरली. नेहमीच्या टोकापासून एकच फेरी मारली, संपूर्ण ताकदीने. पाचव्या लेनमध्ये अभयरावांची बातमी पाण्यात गेली. बोर्ड अजून तिथेच होता, कारण तो काढायला सभेचा ठराव लागतो. त्याच्या बरोबर खाली तिने दोन्ही तळवे धाडकन टेकवले.

मग चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं. "ताई, बघितलंत? एकदम लागले?"

तीस वर्षं पंच म्हणून उभी आहे. या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला कधी वेळ लागला नव्हता.

"लागले," मी म्हटलं. "एकदम लागले गं, तनू."

ती वर आली, फळा माझ्या हातात दिला आणि हिंजवडीची बस गाठायला निघून गेली.